चार बोटं माया

गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या आजोबांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. "गावात जाणारच आहेस तर चॅरिटी शॉपमध्ये एवढं टाकून ये, मी डक." इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आसपासची जुनी माणसं कुणालाही 'मी डक' म्हणतात. इथे आल्यावर पहिले काही महिने मला वाटायचं, ही मंडळी स्वतःलाच बदक का म्हणवून घेतात? मग कळलं की यांचा 'मी' म्हणजे 'माझं', आणि बदक मी. असो. पिशवीत दोन स्वेटर होते, चहाच्या किटलीला घालायचं लोकरीचं टोपडं होतं, आणि सगळ्यात खाली, पातळ कागदात गुंडाळलेला, सहा-सात वर्षांच्या मुलाचा एक कोट. करड्या-हिरव्या ट्वीडच्या जाड लोकरी कापडाचा, माशाच्या काट्यासारख्या विणीचा. कॉलर गडद हिरव्या मखमलीची. पाठीवर दोन गुंड्यांनी बसवलेला अर्धा पट्टा. मी तो दारातच उलगडला आणि "अय्या, कित्ती गोड!" असं चक्क मराठीत ओरडले. आजोबांनी कोटाकडे पाहिलंही नाही. "टोचायचा," एवढंच म्हणाले. मग दार लावता लावता, "आणि मापाचा कधी नव्हताच. आधी मोठा होता, मग लहान झाला."

स्वेटर आणि टोपडं मी दुकानात दिलं. कोट घरी आणला.

त्यांचं बोलणं मला लागलं असं नाही. पण असल्या कोटांवर माझा लहानपणापासून जीव आहे, आणि ज्याच्यावर जीव आहे तो रात्री घोरतो असं त्याच्या घरच्यांनी येऊन सांगावं, तसं काहीसं झालं. हा जीव जडला साताऱ्यात. आई शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर-पोलकी, बाळंतविड्याची झबली-कुंच्या आणि गल्लीतल्या समस्त मुलींचे फ्रॉक. रद्दीच्या दुकानातून ती वजनावर जुनी इंग्लिश मासिकं आणायची, शिवणकाम-विणकामाची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकृत्या तिला कळायच्या. बाणाची टोकं आणि तुटक रेघा बघून ती अख्खा फ्रॉक बेतायची. त्या पानांवरची मुलं मला अजून दिसतात. मुलींच्या केसांत रिबीन, गळ्याला गोल पीटर पॅन कॉलर, फुग्याच्या बाह्या, पाठीवर पट्ट्याचं मोठं फुलपाखरू, पांढरे मोजे, पट्टीचे बूट. मुलांचा भांग डाव्या बाजूला पट्टीने आखल्यासारखा, कोट, टाय, अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले करडे मोजे. एकाच्याही नाकाला शेंबूड नाही. ही सगळी चांगल्या घरची मुलं असणार, यांच्या घरी पियानो असणार, आणि यांना कुणी धपाटे घालत नसणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्यामुळे १९५० च्या आसपासचं युरोप माझ्या अंगावर १९७८ साली आलं. दिवाळीला आईने मला छातीवर स्मॉकिंग केलेला फ्रॉक शिवला. कापडाच्या बारीक, एकसारख्या चुण्या घ्यायच्या, त्या धावदोऱ्याने धरून ठेवायच्या आणि वरून रेशमी दोऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी भरायची. गल्लीत त्याचं नाव पडलं 'स्मोकिंगचा फ्रॉक', आणि वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची मुलगी आत्तापासून स्मोकिंग करते." पुढे इथल्या एका संग्रहालयात कळलं, की हे भरतकाम मुळात इंग्लंडच्या गाडीवानांच्या आणि मेंढपाळांच्या अंगरख्यांवरचं. इलॅस्टिक नव्हतं तेव्हा ढगळ कापड छातीशी आवळलेलं राहावं आणि हात उचलला की ताणावं, म्हणून या चुण्या. शेतावरच्या गड्याचा सदरा शंभरेक वर्षांत राजघराण्यातल्या मुलींचा फ्रॉक कसा झाला, याचा मला फार आनंद झाला. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग? काम तर तेच आहे. चुण्या सारख्या यायला हव्यात."

कोट घरी आणल्यावर आईच्याच सवयीने मी तो आधी उलटा केला. सुलट बाजू गिऱ्हाइकाची आणि उलट बाजू शिवणारणीची, असं ती म्हणते. अस्तर लालसर साटिनचं, तीन तुकडे जोडून केलेलं, आणि तिन्ही तुकड्यांचे लाल तीन तऱ्हेचे. मानेजवळ पांढऱ्या फितीवर लाल अक्षरांत विणलेलं नाव. अशा फिती कॉव्हेंट्रीच्या कॅश कंपनीकडून मागवायच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मोज्यापासून टोपीपर्यंत सगळ्याला शिवायच्या, ही इथली जुनी रीत. डाव्या खिशाची झडप उचलली तर तिच्याखाली एक बुजवलेलं काजं होतं. बुजवलेलं म्हणजे नुसतं शिवून टाकलेलं नव्हे. त्याच ट्वीडचे धागे काढून, वीण जुळवत, एकेक धागा वरखाली घालून भरलेलं. बोट फिरवलं तरच जाणवेल असं. मी खुर्चीत बसले आणि हसू लागले. लहान मुलाच्या कोटाला खिशाखाली काजं कशाला असेल? हा कोट मुळात मोठ्या माणसाचा होता. कापून लहान केलेला. ज्या कॉलरमुळे मी त्याला एखाद्या लॉर्डच्या घरचा समजले होते, ती मखमल बहुधा मूळ कापड कॉलरला पुरलं नाही म्हणून आली होती.

मग घेर बघितला. खालच्या कडेच्या वर, कोटाभोवती फिरलेल्या दोन फिक्या रेघा होत्या. दोनदा उसवून खाली सोडलेल्या दुमडीच्या खुणा. इस्त्री कितीही दाबा, अशी रेघ जात नाही. दुमडीच्या टोकाला कापड झिजलेलं असतं. पहिल्या रेघेपासून दुसरी तीन बोटं. दुसरीपासून कड तीन बोटं. आणि कडेच्या आत अजूनही चार बोटं कापड आत वळवलेलं होतं.

शिवणीत जे जादा कापड ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. घरी येणाऱ्या बायका आईला हेच सांगायच्या: "वहिनी, माया भरपूर ठेवा हं, वाढत्या अंगाची आहे." परकराला आडवे टक घालायचे आणि पोर वाढेल तसे दरवर्षी एकेक उसवायचे. पोलक्याच्या बगलेत माया, फ्रॉकच्या घेरात माया. मला अंगाबरोबर बसणारा कपडा मिळाला तो थेट कॉलेजात गेल्यावर. त्या मासिकांतल्या मुलांचेही कोट खांद्यावरून उतरलेले, बाह्या अंगठ्यापर्यंत आलेल्या असायच्या, हे मी शंभरदा बघूनही पाहिलं नव्हतं. मला त्यांचा भांग दिसायचा.

चार-पाच दिवसांनी मी पोहे घेऊन आजोबांकडे गेले. त्यांना आमचे पोहे आवडतात, मिरची वगळून. कोट कुणाचा होता विचारलं. "वडिलांचा," म्हणाले. ते युद्धावरून परतले तेव्हा सरकारने सगळ्या सैनिकांना दिला तसा त्यांनाही निरोपाचा पोशाख दिला: सूट, शर्ट, टाय, बूट, हॅट, रेनकोट. 'डीमॉब सूट' म्हणतात त्याला. अंगाला नीट बसलेला डीमॉब सूट कुणी पाहिला नाही, असा इथला जुना विनोद आहे. तर वडिलांना नवा रेनकोट मिळाला आणि त्यांचा युद्धापूर्वीचा ट्वीडचा कोट कपाटात गेला. पाच-सहा वर्षांनी आईने तो उसवला. त्यांची आई जवळच्या मार्केट हारबरो गावात कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांची कंबर आवळणाऱ्या ताठ बंड्यांच्या, कारखान्यात मशीनवर होती; तिला जाड कापडाची भीती नव्हती.

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कूपनं, पुढे ती कमी झाली. मुलांना थोडी जास्त मिळायची, कारण मुलांचे पाय कूपन बघून वाढत नाहीत. पुरुषांच्या पँटला खालची उलटी पट्टी घालायला १९४२ मध्ये बंदी आली. तेवढंच कापड वाचलं. बायकांच्या स्वयंसेवी संस्थांनी आखूड झालेले कपडे द्या आणि मोठे घेऊन जा अशी अदलाबदलीची केंद्रं काढली. १९४३ साली सरकारने पुस्तिका छापली, 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा आणि फाटलं तर शिवा; बाबांच्या जुन्या पँटमधून मुलाची चड्डी कशी काढावी वगैरे. आपल्याकडे यासाठी सरकारला पुस्तिका काढायची गरज पडली नाही, आपल्या आज्या ती पाठ करूनच जन्माला आल्या होत्या. रेशनिंग मार्च १९४९ मध्ये उठलं, युद्ध संपून जवळजवळ चार वर्षांनी. पण हाताला लागलेली सवय एका तारखेला सुटत नाही. आजोबांच्या आईने कोट शिवला तेव्हा कापड दुकानात मिळत होतं. तरी तिने जुनाच उसवला, आणि त्यातही माया ठेवली.

"गुडघे," आजोबा मध्येच म्हणाले. "वर एवढा कोट आणि खाली उघडे गुडघे." इथली मुलं बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत अर्ध्या चड्डीतच असायची, बर्फ असो वा पाऊस. लांब पँट मिळणं म्हणजे मोठं होणं. १९४७ चा हिवाळा इथे दंतकथेसारखा सांगतात, जानेवारी ते मार्च नुसता बर्फ. तेव्हाच्या फोटोंत पाच-पाच फूट बर्फाच्या भिंतींमधून मुलं शाळेला निघालेली, टोपी, मफलर, हातमोजे सगळं चापूनचोपून, आणि मध्ये वीतभर लालसर-निळी कातडी. चड्डीची कड ओली झाली की मांडीला घासायची, तिथे भेगा पडायच्या. आई रात्री व्हॅसलीन लावायची. हे सांगताना ऐंशीच्या घरातले आजोबा नकळत मांडीवर हात फिरवत होते. मी मात्र मनात माझ्या चुलतभावांच्या खाकी चड्ड्या आठवत होते. साताऱ्याच्या हवेत अर्धी चड्डी ही सोय होती. इथे ती शिस्त होती, आणि तीच पुढे आपल्या शाळांनी गणवेश म्हणून उचलली. टायही उचलला, एप्रिलच्या उन्हात गळ्याला.

मुलींचं याहून वेगळं काही नव्हतं, फक्त त्यांचं टोचणं आत असायचं. त्या सुंदर फ्रॉकखाली असायची लिबर्टी बॉडिस. जाड, आतून मऊ, वरून पट्ट्या शिवलेली बंडी. १९०८ पासून मार्केट हारबरोच्याच सिमिंग्टन कारखान्यात ही बनायची. कारखान्याच्या इमारतीत आता गावाचं संग्रहालय आहे, तिथे काचेच्या पेटीत ती बघायला मिळते. नाव 'लिबर्टी', कारण जुन्या ताठ कॉर्सेटपासून तिने मुलींना मोकळं केलं. आणि तिला गुंड्या रबराच्या. का, तर कपडे पिळायच्या लाकडी रुळांतून काढताना हाडाच्या गुंड्या फुटायच्या. संग्रहालयात माझ्या शेजारी दोन बायका उभ्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. एकीने काचेवर बोट टेकवून दुसरीला विचारलं, "आठवतंय? थंड बोटांनी ती ओली रबराची गुंडी?" आणि दोघी अशा हसल्या की रखवालदाराने वळून पाहिलं. जर्मनीत याच जातीच्या बंडीला लाइबशेन म्हणत. तिला लोंबणाऱ्या इलॅस्टिकला लांब लोकरीचे मोजे अडकवायचे, आणि ते मुलग्यांनाही घालावे लागायचे. माझ्या ऑफिसातला निवृत्तीला आलेला एक जर्मन सहकारी हा विषय काढला की अजून लाल होतो.

हे लोण इथून तिथे जातं कसं, याचं मला नेहमी नवल वाटतं. १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाला राजघराण्याच्या जहाजावर खलाशाचा पोशाख घातला, जहाजावरच्या खलाशांचे कपडे शिवणाऱ्यानेच बेतलेला. राजपुत्र तेव्हा चार वर्षांचा. चित्रकार विंटरहाल्टरने त्याचं चित्र काढलं आणि पुढची शंभर वर्षं युरोपभरच्या आयांनी पोरांना चौकोनी निळी कॉलर घातली. तो पोशाख ग्रीनिचच्या संग्रहालयात अजून आहे, पँट एवढीशी. स्पेनमध्ये फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे कॅथलिक मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद मिळतो त्या विधीला, मुलगे खलाशी नाहीतर थेट ॲडमिरल होऊन चर्चमध्ये उभे राहतात, सोनेरी दोऱ्या आणि झुबके लावून. मडगावची माझी एक मैत्रीण सांगते, तिच्या कम्युनियनचा पांढरा जाळीचा फ्रॉक नंतर तिच्या दोन बहिणी, तीन मावसबहिणी आणि शेजारणीची मुलगी यांनी घातला. फोटोंत सात चेहरे आहेत आणि फ्रॉक एकच. इटलीत उलट तऱ्हा. तिथल्या शाळांत घरच्या कपड्यांवर काळा झगा चढवायचा, वर पांढरी कॉलर आणि मोठा बो. आत ठिगळ आहे की रेशीम, कुणाला दिसू नये म्हणून.

बुटांच्या दुकानात तर क्ष-किरणाचं यंत्र असायचं! लाकडी पेटी, खाली फटीत पाय सरकवायचे, वरून डोकावलं की हिरवट उजेडात स्वतःच्या पायाची हाडं आणि त्यांच्याभोवती बुटाचे खिळे. बोटं हलवून बघायची. आजोबा आणि त्यांची बहीण दुकानात रांग लावून पुन्हा पुन्हा पाय घालायचे. बूट अंगठ्यापुढे किती जागा सोडतोय, म्हणजे अजून किती महिने चालेल, हे आईला बघायचं असायचं. त्या किरणांनी पायाचं काय होतं याचा विचार पुढे झाला, आणि यंत्रं गेली.

इथून पुढचं मला जरा जपून लिहायला हवं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाबाहेर ब्राँझचा एक पुतळा आहे, फ्रँक मायस्लर यांनी केलेला. बॅगांशी थांबलेली मुलं. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात नाझी राजवटीतून सुमारे दहा हजार मुलं, बहुतेक ज्यू, आईवडिलांशिवाय ब्रिटनमध्ये आणली गेली. मायस्लर स्वतः त्यांतलेच, डान्झिगचे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, खरं सांगायचं तर, त्यांचे कपडेच बघत राहिले. नीट घातलेले कोट, ओढलेले मोजे. मुलांना एक लहान बॅग आणि दहा मार्क एवढंच नेता यायचं. आईवडिलांनी त्यांना होते त्यातले चांगले कपडे घातले, परक्या घरच्या लोकांवर पहिल्या नजरेत बरी छाप पडावी म्हणून. आणि काहींनी त्या एवढ्याशा बॅगेत पुढच्या वर्षांच्या मापाचे कपडे भरून दिले.

मी त्या दिवशी गाडी चुकवली. दुसरी वीस मिनिटांनी होती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मापाचा अंदाज चुकला असेल गं. अंदाजच तो." मला वाटतं तिच्या डोळ्यांपुढे कुणीतरी टेबलावर कापड पसरून हाताने वीत मोजत होतं.

माझ्या मुलाचे कपडे मी वयाच्या आकड्यावर विकत घेते. सात ते आठ वर्षं, आठ ते नऊ वर्षं. तीन टी-शर्टांचा जुडगा. आखूड झाले की पिशवीत, पिशवी दुकानात. त्याला काहीही टोचत नाही, टोचलं तर तो घालत नाही, आणि हे मला मनापासून पटतं. हे बदललं कशाने म्हणाल, तर थोडं धुलाई यंत्राने, थोडं जीन्सने आणि बरंचसं टेरिलीनने. हा धागा १९४१ साली इथल्याच दोन रसायनशास्त्रज्ञांनी काढला. चुरगळत नाही, इस्त्री नको, वाळतोही पटकन. साताऱ्यात वडिलांच्या पहिल्या टेरिलीन शर्टाची कथा आम्ही सण असल्यासारखी ऐकायचो. आईने मात्र त्याला कधी माफ केलं नाही. उसवलं की भोकं दिसतात, म्हणायची, यात माया ठेवून काय करायचं?

डिसेंबरात मी कोट घेऊन परत आजोबांकडे गेले. एक गोष्ट त्यांना दाखवायची होती. घेराची शेवटची दुमड मी टाचणीने चार इंच उसवली होती. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा हिरवं होतं, उघडं होताच नवं वाटावं इतकं. दोनदा सोडूनही चार बोटं उरलेली. "म्हणजे अजून एक वर्ष होतं यात," मी म्हणाले. आजोबांनी चष्मा लावला. खांद्यावर बोट ठेवलं. "इथे नव्हतं." बरोबरच होतं. घेरात ठेवता येते, बाहीत ठेवता येते, खांद्याला माया ठेवता येत नाही. मुलगा रुंद झाला की कोट संपला.

मग विचारलं, मापाचा एकही दिवस नव्हता? ते विचार करत राहिले. टीव्हीवर पाहिलेला एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक आठवला त्यांना, २ जून १९५३. गल्लीत एकाच घरात टीव्ही होता, सगळी पोरं तिथे जमिनीवर. छोटा राजपुत्र चार्ल्स चार वर्षांचा, पांढऱ्या पोशाखात, केस पाण्याने चापून बसवलेले, आजी आणि मावशीच्या मध्ये हनुवटीला हात लावून कंटाळलेला. "त्याचाही टोचत असणार," आजोबा म्हणाले. बाहेर दिवसभर पाऊस आणि गारठा. गल्लीतली मेजवानी चर्चच्या हॉलमध्ये हलवली, तिथवर सगळे भिजत पळत गेले. चार महिन्यांपूर्वीच गोळ्या-चॉकलेटांचं रेशनिंग उठलं होतं, खिसे त्यांनीच भरलेले. "त्या दिवशी बाही इथे होती," त्यांनी मनगटाच्या हाडावर बोट टेकवलं. "बरोब्बर इथे. पण ओला होता ना. ओल्या कुत्र्यासारखा वास."

उसवलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला, हिरव्या भागावर. मग सुलट बाजूवर. मग पुन्हा आत.

"अजून टोचतोय," म्हणाले.

चहा झाला. पोह्यांचा डबा त्यांनी धुऊन ठेवला होता, तो घेतला. मी निघाले तेव्हा कोट त्यांच्या मांडीवरच होता, गुडघ्यांवर पसरलेला. पिशवी तेवढी मी परत आणली.